पंधरा वर्षांची थंडरबर्ड: इंजिन उघडावे की थांबावे?

मुलुंडकर

माझ्याकडे मार्च २०११ मध्ये नोंदणी झालेली रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ट्विनस्पार्क आहे. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून हौसेने घेतलेली ही गाडी गुडघेदुखीमुळे त्यांना पेलेनाशी झाली, म्हणून मी ती वापरायला घेतली. कागदोपत्री ती अजून त्यांच्याच नावावर आहे. आतापर्यंत ती ४१ हजार किलोमीटर चालली आहे. मात्र मध्यंतरी सात महिने ती सोसायटीच्या आवारात गुलमोहराखाली, प्लॅस्टिकच्या कव्हरात, जागची न हलवता उभी होती आणि त्यात अख्खा पावसाळा गेला.

पुन्हा रस्त्यावर आणल्यापासून चार तक्रारी आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू केले की उजव्या बाजूने, वरच्या भागातून टकटक आवाज येतो आणि तो मिनिटभर टिकतो. सेल्फ मारल्यावर चार-पाच वेळांतून एकदा डाव्या बाजूला ‘खाड्’ असा आवाज होतो आणि इंजिन फिरतच नाही. किकने मात्र गाडी निमूट सुरू होते. पवईकडच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली तरी पिकअप मिळत नाही. आणि सुरू करताना सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर येतो, जो पुढे दिसत नाही.

घराजवळच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत निदान केले की इंजिन संपले आहे. बोअर-पिस्टन, हेडचे काम, टॅपेट सेटिंग आणि मजुरी मिळून २८ हजारांचा अंदाज त्याने कागदावर लिहून दिला. त्यातच येत्या मार्चमध्ये पासिंगची, म्हणजे नोंदणीची, मुदत संपते आहे. एवढा खर्च करावा, की गाडी विकून मोकळे व्हावे? वडिलांना विचारले, तर ‘तुझी गाडी, तू बघ’ एवढेच म्हणतात आणि मग दिवसभर बोलत नाहीत.

परळचा लेथवाला

मी तीस वर्षे सिलिंडर बोअर करण्याचे काम केले आहे, म्हणजे आपण इंजिन उघडले तर पैसे माझ्यासारख्याच कुणाला तरी मिळतील. तरीही सांगतो की तूर्त उघडू नका.

आपल्या अंदाजपत्रकात ‘टॅपेट सेटिंग’ लिहिले आहे, तिथेच माझी शंका सुरू होते. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारे भाग, हाताने सेट करावे लागत. आपल्या गाडीत यूसीई इंजिन आहे, म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आहेत, तिन्हींना एकच ऑइल मिळते, आणि टॅपेट हायड्रॉलिक आहेत. ते ऑइलच्या दाबाने स्वतःच आपली फट भरून काढतात. त्यांना सेट करण्याची सोयच नाही. ज्याने हे काम कागदावर लिहिले, त्याने एकतर हे इंजिन नीट पाहिलेले नाही, किंवा दुसऱ्या गाडीची यादी आपल्यासाठी उतरवली आहे. बाकीचे निदान मग कितपत धरायचे, हे आपणच ठरवा.

आता टकटक. गाडी बरेच दिवस उभी राहिली की हायड्रॉलिक टॅपेटमधले ऑइल खाली उतरते आणि ते पुन्हा भरेपर्यंत आवाज येतो. तो काही सेकंदांत थांबत असेल, तर सोडून द्यावा. मिनिटभर टिकतो, याचा अर्थ ऑइल कमी आहे, जुने आहे, चुकीच्या ग्रेडचे आहे किंवा फिल्टर चोंदला आहे, अशी शक्यता आधी तपासावी. गाडी पाच मिनिटे चालवून बंद करा, मेन स्टँडवर सरळ उभी करा, ऑइल खाली उतरू द्या आणि मग उजव्या बाजूची काचेची खिडकी पाहा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत ती पाहणे म्हणजे वाकड्या तराजूत सोने तोलण्यासारखे आहे. १५ डब्ल्यू ५० ग्रेडचे, डबीवर जासो एमए लिहिलेले ऑइल नव्या फिल्टरसह टाका. स्वस्तात मिळते म्हणून कारचे ऑइल टाकू नका, कारण त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेट घसरू लागतात.

धुराविषयीही सावकाश विचार करावा. फक्त सुरू करताना निळा धूर येत असेल, तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेले ऑइल जळते, असा सर्वसाधारण अंदाज असतो. पिस्टन रिंग गेल्या असतील, तर चढावर, मूठ पिळताना, मागच्या गाडीवाल्याला दिसेल असा धूर सतत येतो आणि ऑइल झपाट्याने कमी होते. आपल्याकडे तसे नाही. तरीही मन मानत नसेल, तर कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून घ्या. प्लग काढून गेज लावायचे, एवढेच काम आहे. आकडा कमी आला, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आता आकडा चढला, तर दोष रिंगमध्ये. नाही चढला, तर व्हॉल्व्हमध्ये. बोअर करताना सिलिंडरचा खरवडलेला धातू परत येत नाही, म्हणून माझ्या लेथवर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा आकडा विचारत असे. निम्म्या लोकांकडे तो नसायचा.

दहिसरकर

माझ्याकडे हेच मॉडेल आहे. आपल्या डाव्या बाजूच्या ‘खाड्’विषयी लिहितो, कारण मी त्यात हात पोळून घेतले आहेत.

सेल्फची मोटर इंजिनाला स्प्रॅग क्लचमार्फत, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचमार्फत, फिरवते आणि तो डाव्या झाकणाआड असतो. बॅटरी अशक्त असली, की मोटर पिस्टनला वरपर्यंत नेऊ शकत नाही, पिस्टन उलटा झटका देतो आणि तो झटका थेट स्प्रॅगला बसतो. मी हा आवाज दोन महिने ऐकून घेतला आणि शेवटी स्प्रॅग बदलावा लागला. बॅटरी वेळेवर बदलली असती, तर तो वाचला असता. सात महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी धडधाकट असणे अवघड आहे. साधा मल्टीमीटर घ्या: गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ दाबलेला असताना दहाच्या फार खाली नाही, आणि इंजिन वेगात असताना साडेतेरा ते साडेचौदा. शेवटचा आकडा मिळाला नाही, तर नवी बॅटरीही महिन्याभरात बसेल, कारण मग चार्जिंगमध्येच दोष आहे. हे होईपर्यंत सेल्फला हात लावू नका, किकच मारा.

चढावर पिकअप न मिळण्याचे कारण मी कार्ब्युरेटरमध्ये शोधेन. त्यात रबराचा पातळ पडदा असतो आणि निर्वात दाबाने तो वर उचलला गेला, तरच मूठ पिळल्याचा परिणाम होतो. त्या पडद्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, तरी गाडी सपाटीवर ठीक चालते आणि चढावर मान टाकते. पडदा उजेडासमोर धरून हलकेच ताणून पाहा. शिवाय सात महिने पडून राहिलेल्या पेट्रोलने जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक छिद्रे, चोंदलेले असणारच. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून मुंबईच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी म्हणजे आतून गंजाला आमंत्रण. आणि २०११ च्या गाडीतली रबरी नळी, सील व पॅकिंग हे पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली नाहीत. नळी नवी टाका. पुढे कधी दोन-तीन आठवड्यांहून जास्त गाडी उभी ठेवायची असेल, तर टाकी भरून ठेवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने सोडून द्या. ते प्लॅस्टिकचे कव्हर मात्र आजच काढा, कारण ते पाऊस जेवढा अडवते, त्याहून अधिक वाफ आत कोंडते.

एक तक्रार सगळ्यांच्या वतीने करतो. गाडीला क्रूझर म्हणायचे आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू, ईस्टर्न फ्री वे, कोस्टल रोड व अटल सेतू, या चारही ठिकाणी दुचाकीला मज्जाव! परिणामी ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक असलेले हे संथ, लांब दमाचे ३४६ सीसी इंजिन आयुष्यभर सायन ते घाटकोपरच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहते, आणि वर आपण सवयीने तीसच्या वेगाला चौथा-पाचवा टाकून त्याला ठोकत चालवतो. आठवड्यातून एकदा पहाटे घोडबंदरपर्यंत नेऊन आणल्याने माझ्या गाडीच्या निम्म्या कुरबुरी थांबल्या.

ठाकुरद्वार

इंजिनाविषयी वर सांगितलेच आहे. मी कागदांविषयी आणि एका मतभेदाविषयी लिहितो.

नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नमुना २५ भरून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून हा अर्ज करता येतो, म्हणून जानेवारी उजाडताच कामाला लागा. एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलसाठी नूतनीकरणाचे शुल्क एक हजार रुपये आहे, आणि उशीर झाल्यास दरमहा तीनशे रुपये जादा भरावे लागतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागेल, आणि विमा व पीयूसी चालू असावे. गाडी वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा सह्या त्यांच्याच लागतील. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या बंदीच्या बातम्या वाचून मुंबईतल्या गाड्या मातीमोल भावाने विकणारे लोक मी पाहिले आहेत. तो नियम राजधानी परिसराचा आहे.

मतभेद असा, की दोघांनीही टायर आणि ब्रेक यांचा उल्लेख केला नाही. टायरच्या बाजूला चार आकड्यांची खूण असते. २३१६ असेल, तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, असा दगड झालेला टायर पहिल्या पावसात पूर्व द्रुतगती मार्गावर घसरेल. पुढच्या डिस्कचे ब्रेक ऑइलही ओल शोषते आणि दर दोन वर्षांनी बदलायचे असते. सोबत रबरी होजला तडे आहेत का, ते पाहा. इंजिन बंद पडले, तर गाडी ढकलत घरी नेता येते. माझ्या हाती पाच हजार असते, तर ते मी कार्ब्युरेटरच्या आधी इथे घातले असते. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतील, पण जुना भाग खिशात घेऊन जा, नाहीतर बुलेटचा भाग थंडरबर्डचा म्हणून गळ्यात पडतो.

मुलुंडकर

तिघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे झाले, ते कळवतो.

मेन स्टँडवर पाहिले, तेव्हा काचेत ऑइल दिसतच नव्हते. ऑइल आणि फिल्टर बदलल्यावर टकटक आता आठ-दहा सेकंदांत थांबते. बॅटरी रात्रभरानंतर ११.९ दाखवत होती. नवी घातली, चार्जिंग १४.१ आले, आणि ‘खाड्’ त्यानंतर दोनदाच झाले. कार्ब्युरेटरचा पडदा शाबूत निघाला, पण वाटीत तपकिरी गाळ होता. साफसफाईनंतर पवईचा चढ गाडी तिसऱ्यावर चढते. मागचा टायर २०१४ चा निघाला, याची मला खरोखर लाज वाटली. दोन्ही टायर, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलची नळी धरून एकूण खर्च साडेतेरा हजारांच्या आत राहिला.

धूर अजून आहे. कॉम्प्रेशन मोजायला गॅरेजवाला पुढच्या शनिवारी बोलावतो आहे. तोवर काय करावे, आणि दोनदा झालेल्या त्या ‘खाड्’ची काळजी करावी का?

परळचा लेथवाला

ऑइल काचेत दिसत नव्हते, म्हणजे ते जळले किंवा गळले, यांपैकी काहीतरी नक्की झाले आहे. इंजिनाखाली पुठ्ठा ठेवून रात्रभरात डाग पडतो का, ते आधी पाहा. मग पाचशे किलोमीटर चालवा, काचेतली पातळी वरच्या खुणेपासून किती उतरली, ते लिहून ठेवा आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यासोबत इथे द्या. ‘खाड्’ वाढले, तर दहिसरकर सांगतात तो स्प्रॅग पाहावा लागेल, पण त्यासाठी फक्त डावे झाकण काढायचे असते, बोअर-पिस्टनशी त्याचा संबंध नाही. आणि शनिवारी गॅरेजमध्ये वडिलांना मागे बसवून न्या.