सल्ला हवा आहे: प्राध्यापकीत स्थिरावले, पण कामातली गोडी कशी परत मिळवावी?

समास (धागाकर्ती)

गेली बारा वर्षे मी विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवते आणि त्यातच संशोधन करते. नोकरी कायम आहे, शोधनिबंध नियमितपणे प्रसिद्ध होतात, माझ्या दोन विद्यार्थ्यांना पीएचडी मिळाली आहे. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तक्रारीला जागा दिसू नये. गेल्या महिन्यात वार्षिक स्वमूल्यमापनाचा अर्ज भरताना मी वर्षभरातल्या निबंधांची शीर्षके लिहीत होते. तिसऱ्या शीर्षकापाशी हात थांबला, कारण त्या निबंधात आम्ही नेमके काय दाखवले होते ते मला आठवेना. फाइल उघडून स्वतःचाच सारांश वाचावा लागला. त्यात चूक काही नव्हती, लेखन नीटनेटके होते, पण ते मी लिहिले आहे असे काही केल्या वाटेना.

पीएचडीच्या काळात हाताशी पैसा नव्हता आणि मार्गदर्शक कडक होते, तरी एखादा प्रश्न डोक्यात घोळू लागला की रात्री झोप लागत नसे आणि त्याचे वाईटही वाटत नसे. आता झोप उडते ती उत्तर द्यायच्या राहिलेल्या ईमेलमुळे. व्यायाम करा, सुट्टी घ्या, छंद जोपासा हे सल्ले मला ठाऊक आहेत आणि त्यांतले बरेचसे मी पाळतेही. ज्यांच्यावर अशी वेळ येऊन गेली, त्यांनी प्रत्यक्ष कामाच्या घडीत कोणता बदल केला आणि तो टिकला का, हे मला जाणून घ्यायचे आहे. बाराव्या वर्षी विषयच बदलणे कितपत शहाणपणाचे, यावरही अनुभवी मंडळींनी लिहावे.

अर्धविराम

माझी बावीस वर्षे झाली, विषय वनस्पतिशास्त्र. तुमच्या लेखनावरून तुम्ही थकलेल्या वाटत नाही आणि कंटाळलेल्याही वाटत नाही. काम आपले राहिले नाही ही तुमची तक्रार आहे, आणि तिचा इलाज विश्रांतीने होत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या बाबतीत फार उपयोगी वाटतो. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली आणि त्यांतल्या एका गटाला त्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्या गटाची मोकळ्या वेळात कोड्यांशी खेळण्याची ओढ आधीपेक्षा कमी झालेली दिसली. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा मांडल्या: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणाचे नाते. आपल्या पेशाची मोठी ओढ पहिल्या गरजेची असते आणि नेमकी तीच हळूहळू निसटते. गंमत म्हणजे तसा हुकूम कोणीही काढत नाही. अर्जातले रकाने पाहून आपणच आपले प्रश्न कापून घेत जातो.

मी केलेला बदल अगदी छोटा होता. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९८६ साली संशोधनाविषयी दिलेल्या एका व्याख्यानात सांगितले आहे, की शुक्रवारी दुपारनंतरचा वेळ ते फक्त मोठ्या प्रश्नांच्या विचारासाठी राखून ठेवत. मी मंगळवारी सकाळचे दोन तास राखले आणि त्याला स्वतःचा एक नियम जोडला: या दोन तासांतून जे निघेल ते त्या वर्षीच्या अर्जात लिहायचे नाही. एक साधी वही, फोन दुसऱ्या खोलीत, दार बंद. पहिले दोन महिने मी त्या वेळात प्रामाणिकपणे फक्त कंटाळलो. एकदा तर कपाटातली सगळी छापील निबंधांची चळत वर्षांनुसार लावून ठेवली. नवव्या की दहाव्या मंगळवारी जुन्या नोंदी चाळताना गाळलेल्या आकड्यांचा एक तक्ता हाती लागला. पर्णरंध्रांच्या संध्याकाळच्या मोजण्या सकाळच्या मोजण्यांशी जुळत नव्हत्या, म्हणून आम्ही त्या सदोष ठरवून बाजूला काढल्या होत्या. त्या का जुळत नाहीत, हे मात्र कोणीच विचारले नव्हते. त्या प्रश्नावर मी आज सहा वर्षे काम करतो आहे. निबंध एकच झाला, पण त्यातले वाक्य न वाक्य मला आठवते.

लेखनाबद्दल थोडे वेगळे सांगतो. स्फूर्तीची वाट पाहू नका. रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ साली २७ प्राध्यापकांच्या लेखनसवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ठरलेल्या वेळी लिहायला भाग पाडलेल्या गटाने मनाला येईल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त पाने तर लिहिलीच, पण नव्या कल्पनाही त्याच गटाला जास्त सुचल्या. नमुना लहान आहे हे मान्य, तरी माझा अनुभव त्याला दुजोरा देतो.

तळटीप

अर्धविराम यांचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण त्यात एक धोका दिसतो म्हणून लिहीत आहे. संस्थेने लादलेल्या ओझ्यावर वैयक्तिक शिस्तीचा उतारा सुचवला, की ज्याला तो लागू पडत नाही तो स्वतःलाच दोष देत बसतो. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनी नोबेल स्वीकारायला निघताना, २०१३ साली, एका वृत्तपत्राला स्पष्ट सांगितले होते, की आजच्या व्यवस्थेत आपल्याला पुरेसे उत्पादक मानले गेले नसते आणि नोकरीही मिळाली नसती. १९६४ च्या कामानंतर त्यांचे दहापेक्षाही कमी निबंध प्रसिद्ध झाले होते. अशा माणसाला मंगळवारच्या वहीचा सल्ला देऊन काय उपयोग झाला असता? मोजमापाची ही पद्धत बदलावी, निबंधाचे मोल तो ज्या नियतकालिकात आला त्याच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (म्हणजे त्यातल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो त्या आकड्यावरून) ठरवू नये, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ साली आकाराला आला. तुमच्या संस्थेने त्यावर सही केली आहे का ते आधी पाहा. केली असेल, तर पुढच्या मूल्यमापनाच्या बैठकीत विभागप्रमुखांना त्याची सभ्य शब्दांत आठवण करून देता येते.

माझा प्रत्यक्ष सल्ला नकाराविषयी आहे. 'नाही' म्हणणे आपल्यापैकी बहुतेकांना जमत नाही आणि सरळ नकार दिला तर संबंध बिघडतात, हेही खरे. मी काही वर्षांपासून एकच मजकूर पाठवतो: "या सत्रात माझ्याकडे चार जबाबदाऱ्या आहेत. ही पाचवी स्वीकारण्यास माझी तयारी आहे. त्यासाठी आधीच्या चारांपैकी कोणती काढून घेता येईल, ते कृपया कळवावे." चार वेळा हे पत्र पाठवले. तीनदा पाचवी जबाबदारी आलीच नाही. चौथ्यांदा ती आली आणि आधीची एकही गेली नाही, पण निदान ते लेखी नोंदले गेले आणि पुढच्या वर्षी त्याच नोंदीच्या आधारे माझी एक समिती कमी झाली.

एक गंभीर गोष्टही लिहून ठेवतो. २०१८ साली २६ देशांतल्या २,२७९ संशोधक विद्यार्थ्यांच्या पाहणीत नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सहापटीहून अधिक आढळले होते. भाग घेणारे स्वेच्छेने आलेले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना जसाच्या तसा लावू नये. तरी या पेशात मन आजारी पडणे अपवादात्मक नाही एवढे त्यावरून नक्की समजावे. समास, झोप उडणे आठवड्यानुआठवडे चालू असेल आणि कामाबाहेरच्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर हा प्रश्न इथे विचारायचा नसून डॉक्टरांना विचारायचा आहे.

पुरवणी

विषयबदलाबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. फ्रान्सिस क्रिक यांनी साठीला आल्यावर रेणवीय जीवशास्त्र सोडून मेंदूच्या अभ्यासाकडे मोर्चा वळवला, हे उदाहरण हमखास दिले जाते. मात्र त्यांच्या पाठीशी १९६२ चे नोबेल होते हे सांगायला लोक विसरतात. ज्यांना पदोन्नती, निधी आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध सांभाळायचे आहेत, त्यांनी विषय एकदम बदलू नये. मी विषय तोच ठेवला आणि शेजार बदलला. माझा विषय अर्थशास्त्र. दोन वर्षे इतिहास विभागाच्या साप्ताहिक चर्चेला मागच्या बाकावर बसून होते. तिथे मला कोणी ओळखत नव्हते आणि मूर्खासारखे प्रश्न विचारण्याची मुभा होती. ही मुभा स्वतःच्या विभागात बारा वर्षांनी कोणालाच उरत नाही.

आणि अध्यापनाला ओझ्याच्या यादीत टाकू नका. एकाच अभ्यासक्रमाचा एकच तास पंधराव्यांदा घेताना एका मुलीने विचारले, "मॅडम, हे गृहीतक पहिल्यांदा कोणी मांडले आणि त्याला त्याची गरज का पडली?" पहिल्या भागाचे उत्तर मी लगेच दिले. दुसऱ्या भागापाशी अडले, तसे वर्गात कबूल केले आणि पुढच्या तासाला शोधून आणते म्हणाले. त्या एका आठवड्यात मी जितके वाचले तितके आदल्या वर्षभरात स्वतःहून वाचले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक सत्रात एक तास मी मुद्दाम असा ठेवते, ज्याची टिपणे माझ्याकडे नसतात.

अर्धविराम

तळटीप यांचा मुद्दा मान्य. माझे मंगळवारचे दोन तास शिल्लक होते ते माझ्या विभागप्रमुखांनी त्या वेळी बैठका न ठेवण्याचे सौजन्य दाखवले म्हणून, हे मी लिहायला हवे होते. सहकारी चांगले नसते तर ती वही कोरीच राहिली असती.

समास (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झोपेबाबत तळटीप यांनी लिहिलेले वाचून डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते पत्र थोडे मवाळ करून मीही पाठवले. अजून उत्तर आलेले नाही, पण गेल्या आठवड्यात ठरलेली एक बैठक कोणतेही कारण न देता रद्द झाली, त्याचा अर्थ काय लावावा ते कळत नाही. पुरवणी यांची टिपणांविना तासाची कल्पना पुढच्या सत्रासाठी ठेवते, कारण आत्ता तेवढे धैर्य नाही.

मंगळवारी माझे सलग तास असतात, म्हणून मी गुरुवार धरला आणि पहिला गुरुवार काल झाला. ज्या निबंधाचे मला काहीच आठवत नव्हते तोच पुढ्यात घेऊन बसले. नियमात न बसणारी सात ध्वनिमुद्रणे आम्ही 'अपवाद' म्हणून तळटीपेत ढकलली होती (या नावाच्या सदस्यांनी राग मानू नये). दीड तासात वहीत एवढेच लिहिले गेले, की हे सातही जण वाक्याच्या शेवटी आवाज खाली न नेता वर का नेतात. उरलेला अर्धा तास ती ध्वनिमुद्रणे जुन्या हार्ड डिस्कवर शोधण्यात गेला. पाच सापडली. उरलेली दोन ज्या विद्यार्थ्याने नोंदवली होती, त्याला आज ईमेल केले आहे.