पियानोवर अडकलोय, आज रात्रीतच सुटायला हवं (मदत हवी आहे)

रात्रपाळी (बुधवार, रात्री ९:१२)
पियानोवर अडकलोय. कविता वाचली, पक्षी कळले, पट्ट्या दाबून दाबून बोटं दुखली, काही होत नाही. कोणत्या पट्ट्या आणि कोणत्या क्रमाने, एवढंच सांगा. इतिहास नको. उद्या सकाळच्या आत सुटलं पाहिजे.
'गुगल करा' म्हणणाऱ्यांसाठी: केलंय. एक जण सगळ्या पट्ट्या डावीकडून सरसकट मोजतो, दुसरा काळ्या-पांढऱ्या वेगळ्या मोजतो. दोघांचंही करून झालं.

पेटीवाले_काका
गाणं कोणतं बसवताय? पुरुषाचा आवाज असेल तर काळी एक किंवा काळी दोन धरून चाला. आणि उद्या सकाळी कार्यक्रम असेल तर आज रात्री पियानोच्या भानगडीत पडू नका, सरळ पेटी घ्या.

पंचगंगा
काका, गेम आहे हो तो. धागा कुठल्या विभागात आहे ते तरी बघा.
@रात्रपाळी, सोपं आहे. पट्ट्या दाबायच्याच नाहीत. त्याच खोलीत कपाट सरकवलं की मागे संगीताचा कागद मिळतो. पात्र म्हणून जिल घेतली असेल तर ती स्वतः वाजवते. ख्रिस असेल तर रेबेकाला बसवायचं, तिला सराव करू द्यायचा, आपण जरा हवेलीत फिरून यायचं. तिला मूनलाइट सोनाटा जमला की भिंत उघडते. पंधरा मिनिटांचं काम.

वऱ्हाडी_ठेचा
हे रेझिडेंट इव्हिल झालं, १९९६ चा पहिला. त्यात पक्ष्यांची कविता कुठून आली? कावळे आहेत, पण ते चित्रांच्या दालनात.
रात्रपाळी, गेमचं नाव तर लिहा राजेहो.

रात्रपाळी
सायलेंट हिल. पियानो आणि पक्षी म्हटल्यावर आणखी कुठला असणार?

पंचगंगा
पियानो म्हटल्यावर रेझिडेंट इव्हिलच आठवतो माणसाला. निम्म्या महाराष्ट्राने तो आधी खेळलाय.

म्हापशेकर
सायलेंट हिल कितवा? पहिला असेल तर माझं ऐका, डकस्टेशन टाका, जुन्या प्लेस्टेशनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर. साध्या लॅपटॉपवर पळतो. रिझोल्यूशन वाढवता येतं, कुठेही थांबून सेव्ह करता येतं, पट्टी चुकली की एक बटण दाबून मागे. मी सगळे जुने गेम तसेच खेळतो. २०२६ मध्ये डिस्क घासत बसण्यात अर्थ नाही.

सीआरटी_समर्थक
आले डकस्टेशनवाले. माणूस विचारतोय पियानो, तुम्ही विकताय लॅपटॉप. १९९९ चा गेम आहे, मोठ्या पेटीच्या टीव्हीसाठी काढलेला. ते धुकं, तो अंधार, ते दाणेदार चित्र, सगळं त्या पडद्यावर बसतं. रिझोल्यूशन वाढवलं की गेमच्या नायकाचं, हॅरीचं तोंड कापलेल्या पुठ्ठ्यासारखं दिसतं. धुकं मुळात का आहे? प्लेस्टेशनला एवढं गाव एका वेळी दाखवता येत नव्हतं म्हणून लांबचं झाकलं. ते स्वच्छ करून काय बघणार आहात?

म्हापशेकर
तुमच्याकडे आहे का तरी पेटीचा टीव्ही, की नुसतं समर्थन?

सीआरटी_समर्थक
दोन आहेत. एक भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतला. घरच्यांचं मत विचारू नका.

रात्रपाळी
पियानो???

मनस्विनी
मी सांगते, पण थेट उत्तर देणार नाही, त्यात मजा नाही. शाळेच्या स्वागतकक्षात तीन नोंदी वाचल्या असतील. त्यातली बारा वाजताची परत वाचा. चांदीच्या खुणेबद्दल आहे आणि हरवलेल्या जिभांबद्दल. कवितेचं नावही तेच सांगतंय, आवाज नसलेले पक्षी. सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबा आणि मुक्या कोणत्या ते बघा. त्याच तुमचे पक्षी. मग कवितेत कोण आधी उडतं, कोण कुणाच्या पुढे जातं तो क्रम लावा. पांढरा पक्षी पांढरी पट्टी, काळा पक्षी काळी.

रात्रपाळी
ताई, सगळ्याच मुक्या आहेत. एकही वाजत नाही.

मनस्विनी
सगळ्या? असं होत नाही.

न्यू_जर्सीकर
तुमची डिस्क कुठली आहे, अमेरिकन की युरोपियन? फरक आहे. मी इथे आलो त्या वर्षी गेम आला होता. अमेरिकन डिस्कवर शाळेत सुरी घेतलेली लहान मुलांसारखी आकृती असते. युरोपच्या डिस्कवर ती काढून नखं असलेली बुटकी जनावरं टाकली, शाळेतली मुलं मारायची म्हटल्यावर तिकडे चालेना. तुम्हाला शाळेत काय दिसलं?

रात्रपाळी
बुटकी जनावरं. पण त्याने पियानो वाजणार आहे का?

न्यू_जर्सीकर
नाही, पण माहिती म्हणून.

म्हापशेकर
एकही पट्टी वाजत नाही म्हणजे एम्युलेटरच्या ध्वनी सेटिंगचा घोळ. कुठला वापरताय? जुना असेल तर उडवा.

रात्रपाळी
एम्युलेटर नाही. प्लेस्टेशन २ आहे, स्लिम. डिस्क ओरिजिनल, काळ्या पाठीची. मामेभावाची होती, त्याने लग्नानंतर सगळं मला दिलं.

निवांत
असे खेळ खेळून मनावर परिणाम होतो असं वाटत नाही का? आमच्या शेजारचा मुलगा रात्रभर खेळायचा, आता चष्मा लागलाय.

वऱ्हाडी_ठेचा
निवांतराव, चष्मा डोळ्याला लागतो, मनाला नाही.
रात्रपाळी, एक सांगा. पियानो सोडा. हॅरी चालतो तेव्हा पावलांचा आवाज येतो का? दार उघडल्यावर? बंदूक?

रात्रपाळी
नाही. आवाज पहिल्यापासूनच नाही. मॉनिटरला जोडलंय, त्याला स्पीकर नाहीत. संवादांखाली अक्षरं येतात, ती वाचतो. त्याचा इथे काय संबंध?

सीआरटी_समर्थक
थांबा थांबा. तुम्ही सायलेंट हिल बिनआवाजाचा खेळत शाळेपर्यंत आलात?

पंचगंगा
पॉपकॉर्न घेऊन बसलो.

मनस्विनी
अहो, मुकी पट्टी ओळखायची तर बाकीच्या वाजायला नकोत का?

वऱ्हाडी_ठेचा
आणि रेडिओ?

रात्रपाळी
कसला रेडिओ? सुरुवातीला हॉटेलात मिळाला तो? तो तर काही करत नाही.

सीआरटी_समर्थक
तो सगळं करतो हो! जनावर जवळ आलं की तो खरखरतो. धुक्यात दोन हातांपलीकडे दिसत नाही, म्हणून तर तो दिलाय. खरखर सुरू झाली की कळतं कुणीतरी आहे, कुठे ते कळत नाही, आणि तिथे माणसाचं पाणी होतं. संगीतकार यामाओकाने गिरणीत लोखंड आपटल्यासारखं संगीत दिलंय, ते ऐकून मी एकदा दार उघडायचं सोडून पॉज करून चहा करायला गेलो होतो. तुम्ही नुसतं धुकं बघत चाललात?

रात्रपाळी
मला वाटलं गेम जरा सोपा आहे, भीती फारशी वाटली नाही.

पंचगंगा
😂😂 वाखुसा (वाचनखूण साठवली).

वऱ्हाडी_ठेचा
हसू नका, प्रश्न सोडवा. मॉनिटरला जोडायला मागे ती छोटी पांढरी एचडीएमआयची पट्टी लावली असेल ना, प्लेस्टेशन २ च्या पाठीत खुपसायची? तिच्याच कडेला एक गोल भोक असतं, मोबाइलच्या जुन्या इअरफोनचं. त्यात इअरफोन खुपसा. मॉनिटरला स्पीकर असोत नसोत, तिथून आवाज मिळतो. वायर लांब लागेल, नाहीतर मशीनजवळ सरकून बसा.

म्हापशेकर
किंवा डकस्टेशन.

सीआरटी_समर्थक
त्या स्वस्त पट्टीवर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम नीट दिसतच नाहीत. बऱ्याच मॉनिटरना तो सिग्नल कळत नाही, काळा पडदा येतो. यांचं नशीब थोर म्हणून चित्र तरी आलं.

रात्रपाळी
भोक आहे. इअरफोन शोधतोय, घरात सगळे ब्लूटूथवाले.

पेटीवाले_काका
मी वाचतोय सगळं. एक शंका. त्या पियानोवर मुक्या पट्ट्या एकूण किती?

मनस्विनी
पाच, काका. तीन पांढऱ्या, दोन काळ्या. पाच पक्षी.

पेटीवाले_काका
मग वाजणाऱ्या पट्ट्यांना हात लावायचंच कारण नाही. ज्या दाबल्यावर कानाला काही येत नाही तेवढ्याच. आमच्या जुन्या पेटीत दोन सूर असेच मेलेत, त्यावर एखादं कोडं निघालं असतं.

रात्रपाळी (रात्री १०:४०)
बायकोचे जुने इअरफोन मिळाले. आवाज आला. एकदम आला. मी हॅरीला वर्गाबाहेर व्हरांड्यात नेऊन उभा केला होता, तिथे खरखर सुरू झाली. आता बाहेर जात नाही. थेट पियानोकडे.
पाच मुक्या पट्ट्या सापडल्या. क्रम?

मनस्विनी
कवितेतच आहे. पेलिकन आधी. कबुतर त्याच्या पलीकडे, जमेल तितकं लांब. डोमकावळा कबुतरापेक्षाही वर, नुसता मिरवायला. हंस दुसऱ्या पक्ष्याच्या शेजारी शांत जागा बघतो. उरला तो कावळा, येतो आणि झोपतो. पांढऱ्यांचा सगळ्यात डावा कोण आणि सगळ्यात उजवा कोण एवढं ठरवलं की बाकी आपोआप बसतं. आधी काही भलतंच दाबलं असेल तर पियानोपासून मागे या आणि पहिल्यापासून दाबा.

न्यू_जर्सीकर
याच शाळेतल्या शिक्षकांच्या यादीत के. गॉर्डन, टी. मूर, एल. रानाल्डो अशी नावं आहेत. सॉनिक यूथ बँडची माणसं आहेत ती. आणि गावातले रस्ते भयकथा-विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या नावाचे, ब्लॉक, ब्रॅडबरी, मॅथेसन. आमच्या इथे एका रस्त्याचं नाव बघून मला दर वेळी

न्यू_जर्सीकर
अर्धवट गेलं. असो.

वऱ्हाडी_ठेचा
रात्रपाळी, एक राहिलं. सकाळच्या आतच का? सेव्ह करा आणि झोपा की.

रात्रपाळी
सेव्ह होत नाही. म्हणून तर घाई. कार्ड घातलंय, आठ एमबीचं, चांगलं आहे, त्यावर क्रिकेटचे गेम सेव्ह होतात. सायलेंट हिल म्हणतो कार्डच नाही. म्हणून परवापासून मशीन पॉज करून चालूच ठेवलंय. उद्या गुरुवार, सकाळी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते.

वऱ्हाडी_ठेचा
हे तुम्ही आत्ता सांगताय?

रात्रपाळी
प्रश्न पियानोचा होता.

वऱ्हाडी_ठेचा
ऐका. डिस्क पहिल्या प्लेस्टेशनची आहे. प्लेस्टेशन २ ती चालवतं, पण सेव्ह करायला पहिल्याच प्लेस्टेशनचं कार्ड लागतं. १५ खणांचं ते जुनं. ते तुमच्या मशीनच्या त्याच खाचेत बसतं. आठ एमबीच्या कार्डावर जुन्या गेमची सेव्ह फाइल नुसती ठेवायला कॉपी करता येते, तिथून खेळता येत नाही. कार्ड बिघडलेलं नाही, वेगळं आहे.

पंचगंगा
मामेभावाला विचारा. डिस्क दिली म्हणजे त्याच्या माळ्यावर कार्डही असणार. नाहीतर मुंबईत कुणी असेल तर लॅमिंग्टन रोडला जुन्या दुकानांत विचारायला सांगा.

म्हापशेकर
डकस्टेशनमध्ये हा प्रश्नच

सीआरटी_समर्थक
नको. त्यांना नका सांगू पुन्हा.

रात्रपाळी
मामेभाऊ नाशिकला. सकाळच्या आत येत नाही.

मनस्विनी
कॉम्प्युटरचा यूपीएस आहे का घरी? स्लिम मशीन फार वीज खात नाही. मॉनिटर यूपीएसवरून काढून टाका, नुसतं मशीन ठेवा. खेळ पॉज असताना पडदा कशाला हवाय? कॉम्प्युटर पाच-दहा मिनिटं ओढतो तोच यूपीएस यावर बराच जास्त टिकेल. किती, ते बॅटरीच्या वयावर.

पंचगंगा
दुरुस्तीची वीज सकाळी जाते ती दुपारी येते. यूपीएस रडेल. इन्व्हर्टरवाला शेजारी बघा.

निवांत
एवढा वेळ मशीन सतत चालू ठेवलं तर तापून आग लागू शकते. बातम्यांत येतं.

सीआरटी_समर्थक
मला विचाराल तर बंद करा आणि पहिल्यापासून खेळा. खरंच. वाट माहीत असली की शाळा गाठायला फार वेळ लागत नाही, आणि आतापर्यंत तुम्ही अर्धाच गेम खेळलाय, दुसरा अर्धा कानात होता. ती सुरुवातीची गल्ली, जिथे अंधार होत जातो आणि सायरन वाजतो, ती बिनआवाजाची बघणं म्हणजे वायाच.

रात्रपाळी
सायरन आहे?

सीआरटी_समर्थक
घ्या!

रात्रपाळी (रात्री ११:२५)
पियानो सुटला. चांदीचं पदक मिळालं. सोनेरी आधीच होतं, रसायनांच्या खोलीतल्या त्या मुठीतलं. दोन्ही अंगणातल्या घड्याळाच्या मनोऱ्याला लावायची ना?

मनस्विनी
हो. मग घड्याळ आणि तळघरातला बॉयलर, पाच वाजताची नोंद त्याबद्दल आहे. अभिनंदन!
आणि एक आधीच सांगते, पुढे रुग्णालयात गेलात की पहिल्याच फेरीत स्वयंपाकघरातून प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या आणि संचालकांच्या खोलीत जमिनीवर सांडलेलं लाल पाणी तिच्यात भरा. कशाला ते विचारू नका.

न्यू_जर्सीकर
हो, ते नाही केलं तर त्या पोलीसवाल्या सिबिलला

सीआरटी_समर्थक
अहो!! माणूस शाळेत आहे अजून. संपादकांनी तो प्रतिसाद उडवावा ही विनंती.

न्यू_जर्सीकर
२७ वर्षं झाली गेमला. आता कसलं गुपित? आणि नवीन करून आणतायत, २०२५ मध्ये जाहीरही केलं. तो आला की सगळ्यांनाच कळणार.

पंचगंगा
दुसऱ्या सायलेंट हिलचा नवा अवतार २०२४ मध्ये आला तो खेळलात का कुणी? त्याच्यासाठी ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल का? माझं जुनं आहे.

म्हापशेकर
कुठलं कार्ड? रॅम किती?

रात्रपाळी
शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर आहे. पण रात्री साडेअकराला त्यांना काय सांगून वायर ओढू?

वऱ्हाडी_ठेचा
सकाळी सांगा. कामाला किती वाजता येतात तुमच्याकडे?

रात्रपाळी
नऊला म्हणतात, पण कधी साडेआठलाच ओढतात.

वऱ्हाडी_ठेचा
मग आठला दार वाजवा. ऑफिसचं काम आहे म्हणा, गेमचं नाव काढू नका. आणि कार्ड मिळालं की इथे कळवा, ते खऱ्या कंपनीचं आहे की नकली ते फोटो टाकून विचारा. नकली जुनी कार्डं भरलेली सेव्ह खातात.

पेटीवाले_काका
शेवटचा पक्षी झोपतो तो सूर कुठला होता, कुणी सांगेल का? मला पेटीवर काढून बघायचंय.

मनस्विनी
काका, तो मुका आहे.