मदत हवी आहे: गावात, गावासोबत करायच्या नाटकाचं पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातली. गोंडवाना विद्यापीठातून मराठी आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं. सध्या एका आरोग्य संस्थेत कंत्राटी नोकरी करते. सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार), दारू, किशोरवयीन मुलींचे प्रश्न अशा विषयांवर गावोगाव पथनाट्य बसवणं हे माझ्या कामातलं मुख्य. धान घरात आलं की झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, हंगाम लागतो, तेव्हा रजा जुळवून वडसाच्या एका नाटक कंपनीत भूमिकाही करते. बाबा त्याच कंपनीत ऑर्गनवर असतात.

मला एम.ए. करायचं आहे, पण अभिनयाचं नाही. शाळा, बचत गट, कारागृह, दवाखाना, ग्रामसभा अशा ठिकाणी तिथल्याच माणसांना सोबत घेऊन नाटक कसं उभं करायचं, त्याचं रीतसर शिक्षण हवं आहे. अप्लाइड थिएटर, म्हणजे उपयोजित रंगभूमी, म्हणतात ते.

हे डोक्यात का बसलं ते सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. सिकलसेलवरचं आमचं नाटक लग्नाआधी रक्त तपासा यावर संपतं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढे देऊ शकत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे आम्ही चार मुलं उभी करून दाखवतो. लोकांना ते समजतं. एका गावात प्रयोग संपला, घोषणा झाली, टाळ्या पडल्या आणि मागून एक म्हातारी उठली. म्हणाली, "बाई, लगनाच्या आंधी रगत पाहाचं म्हनता ते बराबर हाय. पन माह्या सुनेचं लगन होऊन गेलं, तिच्या पोटात लेकरू हाय. आता तिनं का करावं?" सून तिथेच बसली होती. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. आमच्यासोबतच्या नर्सबाईंनी सांगायचं ते नीट सांगितलं, दोघांची तपासणी करून घ्या, दवाखान्यात या, सगळं. पण त्या घरात सासू, मुलगा आणि सून यांच्यात जे अडलं होतं ते नर्सबाईंच्या उत्तरात नव्हतं, आणि आमच्या संहितेत तर त्याला जागाच नव्हती. मुलगा तपासणीसाठी रक्त द्यायला तयार नाही, हे आम्हाला निघताना गाडीजवळ कळलं. खरं नाटक तिथून सुरू व्हायला हवं होतं.

मग मी वाचायला लागले. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल (१९३१-२००९) यांची फोरम थिएटरची पद्धत नेमकी इथेच कामाला येते. अडलेला प्रसंग छोटा करून दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा. बघणाऱ्यांतला कोणीही "थांबा" म्हणून उठतो, पात्राच्या जागी जातो आणि वेगळं वागून पाहतो. सूत्रधाराला ते जोकर म्हणतात. तो उत्तर देत नाही, फक्त विचारत राहतो. बंगालमध्ये जन संस्कृती ही संस्था १९८५ पासून खेड्यांत हे काम करते आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढत. आपल्या लोकांना उठून बोलायची सवय नाही असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. झाडीपट्टीत पहाटे तीनला नाटक रंगलेलं असताना खलनायकाला मंडपातून सल्ला देणारी माणसं मी दर हंगामात बघते.

आतापर्यंत शोधलेलं असं: पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. घराजवळचं म्हणजे वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ, तिथे प्रदर्शनकारी कला विभागात फिल्म आणि नाटकाचं एम.ए. आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं आगरतळ्याचं केंद्र थिएटर-इन-एज्युकेशन शिकवतं. परदेशात लंडनच्या गोल्डस्मिथ्स आणि रॉयल सेंट्रल स्कूल या दोन ठिकाणी अप्लाइड थिएटरचं नाव घेऊनच एम.ए. आहे. आम्ही अनुसूचित जातीत येतो, त्यामुळे राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचाही विचार आहे.

माझे प्रश्न: यातल्या कुठल्या ठिकाणी लोकांसोबत काम करायला खरोखर शिकवतात? झाडीपट्टीतला आणि पथनाट्याचा अनुभव प्रवेशाच्या वेळी धरतात का, आणि धरत असतील तर कागदावर कसा दाखवायचा? कंपनीत नेमणूकपत्र वगैरे काही नसतं. की सरळ एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, करावं? घरचे म्हणतात त्याला निदान नोकरी आहे.

— पळसबन

*

रंगमंच_कामगार: ताई, मी मुंबईतून नाटकात एम.ए. केलं, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो. मुंबई काय किंवा पुणे काय, दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि भर अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश यांवर. शरीर आणि आवाजावर जे काम होतं ते तुम्हाला गावातही जन्मभर पुरेल. पण समूहासोबत सत्र कसं घ्यायचं, एखादी बाई बोलता बोलता रडायला लागली तर तिथे काय करायचं, हे मला तिथे कोणी शिकवलं नाही. वर्गातल्या दोघींनी प्रकल्पासाठी वस्ती निवडली होती, त्यांना ते स्वतः उभं करावं लागलं. प्रवेशाला चाचणी आणि मुलाखत असते. तिथे झाडीपट्टी लपवू नका. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून शहरातल्या नाटकवाल्यांनाही झाडीपट्टी म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. मुलाखतीत त्या म्हातारीचा प्रसंग इथे लिहिला तसाच सांगा.

शाळामास्तर_गोंदिया: आगरतळ्याचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे, शिष्यवृत्तीही मिळते. मुलांसोबत आणि शिक्षकांसोबत नाटकातून काम कसं करायचं हे तिथे मुळापासून करून घेतात. माझ्या ओळखीतला एक जण जाऊन आला, आता त्याचा पाचवीचा वर्ग बघण्यासारखा असतो. पण ते प्रमाणपत्र आहे, पदव्युत्तर पदवी नाही. पुढे नेट किंवा प्राध्यापकीचा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

वाटसरू: माझं मत थोडं वेगळं. पदवी कशाला? जन संस्कृतीसारख्या ठिकाणी जाऊन राहा, त्यांच्यासोबत गावं फिरा, परत येऊन काम सुरू करा. दंडार आणि खडी गंमत ही आपली लोकनाट्यं करणारे म्हातारे कलावंत अजून आहेत, त्यांच्याजवळ बसा. दोन वर्षं आणि लाखभर रुपये वाचतील.

पळसबन: वाटसरू दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि दंडारीवाल्यांकडे तर मी जाणारच आहे. पदवी का हवी ते सांगते. आमच्या कामाचा हिशेब प्रयोगांवर होतो. महिन्याला किती प्रयोग, किती प्रेक्षक, जिओटॅग फोटो. एका गावात चार वेळा जाऊन एकाच प्रश्नावर बसायचं म्हटलं तर चारही भेटी मिळून एकच प्रयोग धरला जातो. हे ठरतं त्या बैठकीत नाटकवाल्यांना बोलावत नाहीत, कारण आम्ही 'कलापथक'. तिथे एम.एस.डब्ल्यू. झालेले बसतात, सार्वजनिक आरोग्य शिकलेले बसतात. सासूच्या प्रश्नावर थांबणं हेही काम आहे आणि त्याचा परिणाम असा मोजता येतो, हे त्या टेबलावर मांडायचं तर माझ्याकडे त्यांच्या तोडीचा अभ्यास पाहिजे. पदवी मला त्यासाठी हवी आहे.

थेम्सकाठची_वऱ्हाडी: पळसबन, तुझं शेवटचं उत्तर वाचून लिहायला बसले. मी यवतमाळची, इंग्लंडमध्ये याच विषयात एम.ए. केलं. पूर्णवेळ एक वर्षाचं असतं. आमचा निम्मा जीव प्रत्यक्ष कामात गेला: एखाद्या संस्थेत जायचं, तिथल्या गटासोबत काही आठवडे काम करायचं आणि त्यावर लिहायचं. सहभागी माणसाची गोष्ट कोणाची, ती मंचावर आणायची परवानगी कोणी द्यायची, काम संपवून आपण निघून गेल्यावर त्या माणसाचं काय, यावर तासन्तास वाद व्हायचे. त्या वादांनी मला घडवलं. २०१७ मध्ये आमच्याकडे फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, त्या घरांतल्या बायकांसोबत मला काम करायचं होतं. हे आधी शिकल्याशिवाय मी त्या दारात जायला नको होतं, असं आज वाटतं, आणि शिकूनच गेले याचं समाधान आहे.

आता पैशाचं. शाहू महाराज शिष्यवृत्तीत एक अट नीट बघ: विद्यापीठ क्यूएस या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. तू नावं घेतलेली दोन्ही ठिकाणं नाटकात कितीही मोठी असली तरी या अटीत बसत नाहीत. त्यामुळे आधी २०० ची यादी घे आणि त्यातल्या कुठल्या विद्यापीठात नाटक विभागात सामाजिक काम शिकवतात ते शोध, उलटं करू नकोस. पदव्युत्तरसाठी वयाची अट ३५ आहे, ती तुला अडणार नाही.

दुसरं, चिव्हनिंग. ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, एक वर्षाच्या एम.ए.साठी. तिला क्रमवारीची भानगड नाही. कामाचा अनुभव दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा लागतो, आणि तो पगारी असो की बिनपगारी, दोन्ही चालतो. म्हणजे तुझी नोकरी धरली जाईल आणि झाडीपट्टीचे हंगामही. आजपासून वहीत तास लिहायला लाग: तारीख, गाव, काय केलं, किती वेळ. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात. तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात. शिक्षण झालं की दोन वर्षं मायदेशी राहायची अट आहे. तुला तर परतच यायचं आहे, तेव्हा ती अट तुझ्या फायद्याची. अर्जात नेतृत्वावर निबंध मागतात. तिथे मोठमोठे शब्द नकोत, नवऱ्याने रक्त द्यायला नकार दिला त्या घरासाठी तू पुढे काय केलंस ते लिही.

आणि एम.एस.डब्ल्यू. वाईट नाही गं. पण तुला जे टोचतंय ते त्यात मिळणार नाही, हे तुझ्या लिहिण्यातच दिसतं.

पळसबन: ताई, २०० च्या अटीचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, खूप उपकार झाले. त्या घरी आम्ही नंतर गेलो होतो. सुनेलाच विचारलं की तुमच्या जागी कोणी बोललेलं तुम्हाला चालेल का. ती म्हणाली, माझ्या जागी नको, सासऱ्याच्या जागी बोला. त्यावरून नवा प्रसंग बांधतो आहोत, नाव-गाव बदलून, आणि तिने होकार दिला तरच करणार.

ठरवलं ते असं: यंदा चिव्हनिंगची तयारी, सोबत वर्ध्याला जाऊन विभाग बघून येणार. हिंदी माध्यम मला जड नाही, आणि तिथून गावं जवळ राहतात. मुंबई-पुण्याच्या चाचण्याही देणार. आता एकच अडतं. संदर्भपत्रासाठी कंपनीचे मालक तयार आहेत, पण ते मराठीतच लिहिणार. चालेल का?

थेम्सकाठची_वऱ्हाडी: त्यांना मराठीतच लिहू दे, मनातलं उतरेल. अधिकृत अनुवादकाकडून इंग्रजी करून घे आणि मूळ पत्र सोबत जोड. दुसरं पत्र मात्र तुझ्या संस्थेतल्या कोणाचं तरी इंग्रजीत घे. पत्रात हंगाम, भूमिका आणि साधारण तास आले पाहिजेत, नुसती स्तुती नको. कच्चं लिहून झालं की मला व्यक्तिगत निरोपात पाठव, मी बघून देते.