ज्वालामुखीचा माथा : अनुभव लिहा

शंकूच्या माथ्यापर्यंत जाऊन आलेल्यांनी इथे लिहावं. सूर्योदयाची वर्णनं नकोत. काय बिघडतं आणि का, तेवढंच.

–

आधी घसारा, म्हणजे सुट्या खडीचा घसरता उतार. इंडोनेशियातल्या रिंजानीच्या (3,726 मीटर) शेवटच्या टप्प्यात दोन पावलं वर टाकली की एक खाली येतं. पावलं आखूड ठेवा, पुढच्याच्या ठशातच पाय रोवा. उतरताना टाच आधी, गुडघे सैल. एकाच रेषेत वर-खाली चालू नका. सुटलेला दगड थेट खालच्याच्या अंगावर जातो. गेटर्स (बुटाच्या तोंडावर बांधायची आवरणं) नसतील तर बुटातली खडी काढण्यातच वेळ जाईल.

–

हातमोजेही घ्या. लाव्ह्याच्या खडबडीत खडकावर पडल्यास तळवे सोलून निघतात.

–

वायूंबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून सविस्तर. विवराच्या कडेवर वारा पाठीवर हवा, म्हणजे धूर पलीकडे जातो. वारा फिरला तर फोटो सोडा आणि वाऱ्याला आडव्या दिशेने धुराबाहेर पडा. खोलगट जागी बसू नका : कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, शिवाय त्याला वास नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला असं नाही. एन-95 मास्क राख अडवतो, वायू नाही. त्यासाठी आम्लवायूंचं फिल्टर असलेला मास्कच लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा, राखेचे कण लेन्सखाली अडकतात.

–

‘इशारा पातळी सर्वात खालची आहे’ एवढ्यावर विसंबू नका. जपानच्या ओंताकेवर 27 सप्टेंबर 2014 ला पातळी 1 च होती. 63 जण मृत किंवा बेपत्ता झाले. तो वाफेचा स्फोट होता : जमिनीतलं पाणी एकदम वाफ होतं आणि दगड उडतात. पूर्वसूचना फारशी मिळत नाही. म्हणून हेल्मेट घ्या, कडेवर रेंगाळू नका. स्फोट झालाच तर मोठ्या खडकाच्या आड, सॅक डोक्यावर.

–

पाणी खालूनच न्या, किमान तीन लिटर. सच्छिद्र खडकात पाऊस मुरतो, शंकूवर झरे शोधण्यात अर्थ नाही.

–

आफ्रिकेतल्या किलिमांजारोसाठी (5,895 मीटर), जिथे विरळ हवेचा त्रास होतो : 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये. डोकं दुखत असेल तर आणखी वर चढू नका. तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरा, सोबत माणूस घेऊन.