शब्दचर्चा : आत्मवंचना म्हणजे नेमकं काय?

परवा कंपनीत लीडरशिपचं ट्रेनिंग होतं, दिवसभर सेल्फ डिसेप्शन, सेल्फ डिसेप्शन चाललेलं. शेजारी आमच्या मशिन शॉपचे मामा बसले होते, अख्खी नोकरी लेथवर काढलेला माणूस, हळूच म्हणाले मॅडम ह्याला आपल्यात काय म्हणतात? मी पटकन आत्मवंचना सांगून मोकळी झाले. ते म्हणाले, म्हणजे स्वतःला फसवणं. मी हो म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना, कारण फसवायला दोघं लागतात ना, एकाला खरं माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं, इथे दोघंही एकाच खुर्चीत बसलेत, मग हे जमतं कसं?

म्हणून शब्द उलगडून बघितला. संस्कृतात वञ्च् धातू आहे, मूळ अर्थ वाकडं जाणं, त्यावरून हुकवणं, फसवणं. वंचना, प्रवंचना त्यातलेच. आणि वंचितसुद्धा त्यातलाच! आपण वंचित म्हणजे ज्याला काही मिळालं नाही तो असं म्हणतो, पण मुळात तो फसवला गेलेला, ज्याच्या हातातलं हुकवलं गेलं असा माणूस. मग आत्मवंचना म्हणजे नुसतं स्वतःशी खोटं बोलणं नाही, स्वतःला कशाला तरी मुकवणं पण आहे. हा अर्थ मला जास्त लागू पडतो, का ते सांगते.

मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे लाल बिन म्हणजे रिजेक्ट आणि पिवळा बिन म्हणजे होल्ड, म्हणजे शंका आहे, परत तपासून ठरवू. सकाळच्या मिटिंगला बोर्डावर फक्त लाल बिनचा आकडा लिहायची पद्धत. मी नवीन नवीन सेक्शन इनचार्ज झाले तेव्हा एका हाऊसिंगच्या बोअरचा, म्हणजे आतल्या गोल भोकाचा त्रास सुरू झाला. भोकाचं माप तपासायला प्लग गेज असतो, त्याची नो-गो बाजू आत गेली म्हणजे भोक मोठं झालं, ती आत जायलाच नको, पण ती तोंडाशी किंचित आत जायची, पूर्ण नाही, आणि मी म्हणायचे ह्याला पिवळ्यात टाका. खोटं एकदाही लिहिलं नाही मी. बोर्डावर रिजेक्शन 4, आणि लाल बिनमध्ये खरंच 4 पार्ट. पिवळ्यात साठच्या वर गेले होते. होल्ड म्हणजे काही रिजेक्ट नव्हे, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की मलाच ते पाठ झालं. मिटिंगच्या शेवटी रोज विचारायचे, कुणाला काही अडचण? सगळे गप्प. मी त्याचा अर्थ काय घ्यायचे, तर टीम खूश आहे.

पुढे कस्टमरकडून अख्खा लॉट परत आला. मशिनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प सैल झाला होता आणि आकडा बरा दिसत असल्यामुळे कुणी शोधायलाच गेलं नाही. तेव्हा मामा म्हणाले, मॅडम मला पहिल्या आठवड्यातच आवाजावरून कळलं होतं, दोनदा सांगायला आलो, तुम्ही ऐकता हो, पण मी बोलायच्या आधीच तुमची मान हलायला लागते.

तर मी वंचित कशापासून झाले, मामांच्या त्या वाक्यापासून. म्हणून विचारतेय, स्वतःची फसवणूक आणि आत्मवंचना हे एकच धरायचं का? आणि बोलीतला ह्याहून नेमका शब्द कुणाला माहीत आहे का?

---

ताई, डोळ्यांवर कातडं ओढणं नाही का चालणार? आमच्याकडे सर्रास म्हणतात, साहेबांनी डोळ्यांवर कातडं ओढलंय. किंवा मांजर डोळे मिटून दूध पितं.

---

कातडं ओढणाऱ्याला माहीत असतं की आपण ओढलंय. त्याला दिसतंय, फक्त त्याला बघायचं नाहीये. झोपेचं सोंग घेतलेल्याचं पण तेच. मांजराचं जरा जवळ जातं, कारण मांजराला खरंच वाटतं की आपण कुणाला दिसत नाही! पण म्हण वापरताना आपण लबाडीसाठीच वापरतो. माझ्या बाबतीत लबाडी नव्हती हो, मला रात्री झोप चांगली लागायची, तेच तर भयंकर आहे.

---

मी भाषा शिकवतो म्हणून थोडं व्याकरणाच्या बाजूने. मराठीत ह्यासाठी वेगळा शब्द शोधायची गरजच नाही असं माझं मत आहे, आपल्या क्रियापदात ते आहे. गैरसमज झाला, गैरसमज केला आणि गैरसमज करून घेतला, ही तीन वाक्यं घ्या. पहिल्यात कुणाचाच हात नाही, पाऊस पडल्यासारखं ते घडलं. दुसऱ्यात कोणीतरी दुसऱ्याचा करून दिला असाही अर्थ निघतो. तिसऱ्यात घेणे आलं की क्रिया वळून करणाऱ्याकडेच येते, जेवून घेतो, अंघोळ करून घेतो तसं. म्हणजे समजूत करून घेतली असं आपण म्हणतो तेव्हा करणाराही तोच आणि जिची समजूत घातली ती व्यक्तीही तोच. तुमचे एकाच खुर्चीतले दोघं हेच.

आता ऑफिसात लोक बोलतात कसं बघा. डिले झाला. मेल राहून गेला. कम्युनिकेशन गॅप झाली. सगळं होतं, कोणी करत नाही. आमच्या संस्थेत एक वरिष्ठ होते, त्यांच्या हाताखालून एका वर्षात चार माणसं सोडून गेली, ते दर वेळी म्हणायचे माणसं टिकत नाहीत हल्ली. 'मी टिकवली नाहीत' हे वाक्य मराठीत काही अवघड नाहीये, तीन शब्दांचं आहे.

---

ताईंचा होल्ड वाचून मला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान आठवलं, कारण तिथे पण एका शब्दाने घात केला. 28 जानेवारी 1986, उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सातजण गेले. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग थंडीत कडक झाली आणि गॅस निसटला. पण रिंगा झिजल्याचं आधीच्या उड्डाणांतही दिसलेलं होतं. ती झीज त्रिज्येच्या एक तृतीयांश इतकी होती आणि पूर्ण त्रिज्या गेल्याशिवाय रिंग निकामी होत नाही, म्हणून हिशेब मांडला की सेफ्टी फॅक्टर तीन आहे, म्हणजे तिप्पट झीज झाली तरच धोका. चौकशी आयोगात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते, त्यांनी लिहिलं की पुलाच्या तुळईला एक तृतीयांश चीर गेली तर तिथे सेफ्टी फॅक्टर तीन नसतो, काहीच नसतो, कारण चीर जायलाच नको होती. नो-गो आत जायलाच नको होती, तसंच!

आणि आदल्या रात्रीचं तर सांगायलाच हवं. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवर सांगितलं होतं की एवढ्या थंडीत उडवू नका. मग त्यांच्याच इंजिनिअरिंग प्रमुखाला वरिष्ठांनी सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने मत बदललं. टोपी घालणं म्हणजे मराठीत काय ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त इथे ती स्वतःच्याच डोक्यावर होती. त्या खोलीत खोटारडी माणसं बसली नव्हती, शिकलेली, नावाजलेली होती आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

---

टोपीचं फार नेमकं सांगितलंत, अंगावर काटा आला.

मला अजून एक शब्द टाकायचाय, कुटुंब. आम्ही टीम नाही, कुटुंब आहोत. आमच्या आधीच्या मॅनेजर बाई असं म्हणायच्या आणि त्या मनापासून म्हणायच्या, रात्री अकराला मेसेज करून. कुटुंब म्हटल्यामुळे त्यांना तो मेसेज आपुलकीचा वाटायचा. माझं बाळ आठ महिन्यांचं होतं तेव्हा, मी एकदा सांगितलं की रात्री नको, तर त्या खरोखर दुखावल्या, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. नंतर मी कधीच काही सांगितलं नाही. सगळे त्यांना छान छानच सांगायचे. कामचुकार बॉसशी भांडता तरी येतं.

---

सगळ्यांचे आभार, करून घेणे तर मी वहीत लिहून ठेवलंय. आणि होल्ड, सेफ्टी फॅक्टर, कुटुंब हे बघून वाटतं की आत्मवंचनेला एक सोयीचा शब्द लागतोच, नुसत्या हवेत ती होत नाही. तुकोबांनी जंगलातल्या एकांताबद्दल म्हटलंय ना, आपुलाचि वाद आपणांसी, मला ही ओळ आत्मवंचनेचा विरुद्धार्थी शब्द म्हणून लावावीशी वाटते. स्वतःशी वाद घालणारा दुसरा जो आत असतो, त्यालाच आपण गप्प बसवलेलं असतं.

बोर्डावर आता पिवळ्याचा रकाना केलाय, लालच्या शेजारीच. पहिल्या दिवशी तिथे 43 लिहिताना मार्कर थांबला होता माझा. मामा मागे उभे होते, मी ह्या वेळी मान हलवली नाही, विचारलं आवाज कसा येतोय, तर म्हणाले दोन नंबरच्या स्पिंडलकडे चला, दाखवतो.

एक शंका उरलीच. आत्मवंचना करणे आणि आत्मवंचना होणे दोन्ही ऐकलंय, आत्मवंचना करून घेणे असं कुणी बोलताना ऐकलंय का? की आत्म आधीच असल्यामुळे घेणे जास्तीचं होतं? सर, सांगा जरा.