चार कुटुंबं, दोनच पट्टीचे स्कीअर, सोबत आजी-आजोबा... आणि म्हणे सेंट अँटनला जा!

इझारकाठची:
परवा एकाने विचारलं होतं की फेब्रुवारीत चार मराठी कुटुंबं मिळून म्युनिकहून ऑस्ट्रियात आठवडाभर स्कीला जायचंय, दोघं चांगले स्की करणारे, चौघं अगदी नवे, दोघं मधलेअधले, मुलं ५ ते १२ वयाची, आणि पुण्याहून आलेले आई-बाबा जे स्कीला हातही लावणार नाहीत, तर कुठे जावं. त्यावर दोन_काठ्या यांनी लिहिलं, "डोळे मिटून सेंट अँटन. ३०० किलोमीटर पिस्ट (स्कीचे आखलेले उतार) आहेत, प्रत्येकाला काहीतरी मिळतंच, नवे लोक दोन दिवसांत शिकतात." आणि खाली सगळे माना डोलवतायत. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिले ती सेंट अँटनलाच. असाच ग्रुप होता आणि जागा अशीच ग्रुपमधल्या सगळ्यात तयार माणसाने ठरवलेली. सकाळी स्की स्कूलमध्ये स्कीची टोकं जुळवून पिझ्झासारखा त्रिकोण करून थांबायला शिकले, दुपारी सगळे म्हणाले चल आता निळ्या पिस्टवर, निळी म्हणजे सोपीच. निळीला उतार २५ टक्क्यांपर्यंत असतो हा कागदावरचा हिशोब झाला. दुपारी चारला वरच्या गाल्झिगकडून अख्खं गाव त्या स्टाइसबाखटालच्या घळीतून घरी परतत असतं, दिवसभर खरवडून बर्फाचे ढिगारे झालेले, मधेच टणक काचेसारखा पट्टा, आणि मागून दोन्ही बाजूंनी लोक सूं सूं करत जातात. पुढच्याला सांभाळायची जबाबदारी मागच्याची हा नियम सगळ्यांनी वाचलेला असतो, पण त्या गर्दीत कोण पाळतंय. मी कडेला बसले, स्की काढले आणि त्या जड बुटांत चालत खाली आले, रडत. पुढची दोन वर्षं मी स्कीचं नाव काढलं नाही. नवरा एकटा जायचा.

मग एका मैत्रिणीने ओढून एल्माऊला नेलं. गावालगत रुंद, सपाट उतार, मॅजिक कार्पेट म्हणजे सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि वर जायचं, कुणी अंगावर येत नाही. तिसऱ्या दिवशी मी हार्टकायझरच्या गोंडोलाने वर जाऊन निळीवरून एकटी उतरले. बाई तीच, पाय तेच, फक्त जागा बदलली होती. म्हणून सांगते, जागा ठरवायची ती ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या माणसाकडे बघून. पक्के लोक कुठेही मजा करतात.

दोन_काठ्या:
ताई, तुमचा अनुभव वाईट होता, वाईट वाटलं, पण त्याचा दोष डोंगराला देऊ नका. पहिल्याच दुपारी तुम्हाला त्या घळीत नेणाऱ्याची चूक आहे. सेंट अँटनमध्येच नासेराइनला नव्यांसाठी वेगळा भाग आहे, तिथेच ठेवायला हवं होतं. गोंडोलाने परत खाली यायलाही कुणी अडवत नाही.

दुसरं, "पक्के लोक कुठेही मजा करतात" हे वाक्य मी गेली दहा वर्षं ऐकतोय आणि दर वेळी मीच तडजोड करतोय. मलाही वर्षातून एकच आठवडा मिळतो. दिवसाचा पास सत्तर युरोच्या वर गेलाय आणि तो मी पण भरतो. २०१६ ला फ्लेक्सनबान झाल्यापासून सेंट अँटन, त्स्युर्स, लेख सगळं लिफ्टने जोडलंय, शिवाय न दाबलेल्या बर्फाच्या स्की रूट्स वेगळ्या. वालुगा शिखर २८११ मीटर. तुमच्या एल्माऊ-झ्योलच्या बाजूला होहे साल्वे शिखर १८२९ मीटर! त्या टेकडीवरून मी किती वेळा उतरू? आणि २०२२ च्या नाताळापासून नवीन वर्षापर्यंत तिकडे काय होतं आठवतंय ना, हिरव्या-तपकिरी कुरणात तोफांनी मारलेल्या कृत्रिम बर्फाची एक पांढरी पट्टी. आम्ही तिथेच होतो, मुलं चिखलात पडत होती.

आणि सेंट अँटनला रेल्वे स्टेशन गावातच आहे. गाडी नको, टायरला चेन नको, फर्नपासच्या घाटात शनिवारचा तीन तासांचा ट्रॅफिक नको.

झ्युरिकमधून_मी:
दोघंही मुद्दा सोडून भांडताय. आधी बर्फ, मग बाकी सगळं. ओबरगुर्गल. गावच १९३० मीटरवर, वर ३०८० पर्यंत, नोव्हेंबर ते एप्रिलअखेर काळजी नाही. पिस्ट रुंद आहेत, नवे आणि मधले दोघंही खूश, गर्दी कमी. आम्ही चार वेळा गेलोय. फेब्रुवारीत चिखलात मुलं लोळवायची नसतील तर खाली बघूच नका.

स्टुटगार्टवाली:
ओबरगुर्गलला मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते म्हणून बोलते. बर्फ उत्तम, मान्य. पण गाव केवढं? दोन दिवसांत त्यांचं सगळं बघून झालं. तिसऱ्या दिवसापासून दोघं खोलीत बसून खिडकीतून आम्हाला शोधत होते की यातलं आपलं कोण. सासरे काही बोलले नाहीत, पण जेवताना एकदा म्हणाले, "उद्या कुठे जायचंय का आपण?" मला घास गिळवेना.

ज्यांना स्की करायचं नाही त्यांना कुणी मोजतच नाही. मूळ प्रश्नात आई-बाबा आहेत, वरच्या तीन उत्तरांत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही (इझारकाठची, तुम्ही पण नाही!). त्यांच्यासाठी झेल अम झे बघा. खरंखुरं गाव आहे, दुकानं, कॉफी, तळ्याच्या काठाने सपाट चालायला मिळतं, स्टेशनवर उतरलं की गावात. जवळच्या काप्रुनच्या किट्झस्टाइनहॉर्न डोंगरावर स्की न घालताही लिफ्टने वर जाता येतं, ३०२९ मीटरवर बघायला जागा आहे, आमच्या आजींनी तिथे बर्फ हातात घेतला आणि अर्धा तास सोडला नाही. पक्क्यांना एकाच पासवर शेजारचं झालबाखही मिळतं. काप्रुनच्या गावाजवळ नव्यांसाठी सोपे उतार आहेत. फक्त एक, श्मिटनहोये डोंगरावरून झेल गावात उतरणाऱ्या पिस्ट सोप्या नाहीत, तिथून नव्यांनी गोंडोलानेच खाली यायचं.

आणि काहीही करा, अपार्टमेंट घेऊ नका. हाल्बपेन्झिऑनचं (नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून) हॉटेल घ्या.

बर्फातला_बारामतीकर:
बाकी ठीक आहे पण हे शेवटचं चुकीचं सांगताय. चार कुटुंबांना आठवडाभर हाल्बपेन्झिऑन म्हणजे किती पैसे होतात हिशोब केलाय का? फाशिंगच्या (कार्निव्हलच्या) सुट्टीत तर विचारूच नका. आणि खायचं काय? आमची आई शुद्ध शाकाहारी. एका हॉटेलात (नाव घेत नाही) तिला पहिल्या दिवशी सूप दिलं, वर पॅनकेकच्या पट्ट्या कापून टाकलेल्या, तिला फार आवडलं, तीन दिवस रोज मागून प्यायली. चौथ्या दिवशी मी सहज विचारलं तेव्हा कळलं की ते बीफच्या पाण्यातलं असतं. मी आजपर्यंत तिला सांगितलेलं नाही. कधी सांगू शकणार पण नाही. त्यानंतर मी शपथ घेतली, अपार्टमेंट, स्वतःचा कुकर, स्वतःचा तांदूळ. संध्याकाळी थकून आल्यावर गरम खिचडी-कढी, पापड, सगळे एकत्र, त्याच्यासारखं सुख नाही.

स्टुटगार्टवाली:
खिचडी-कढी कोण करतं?

बर्फातला_बारामतीकर:
सगळे मिळून करतात.

स्टुटगार्टवाली:
नाही करत. मी सांगते काय होतं. आम्ही पाच कुटुंबं, सतरा माणसं, झिलरटालमध्ये मोठं अपार्टमेंट. सकाळी साडेसहाला उठून पोहे, कारण मुलांना नऊ पन्नासला स्की स्कूलला सोडायचंय. मग डबे, कारण वर हॉटेलात सतरा जणांचं बिल परवडत नाही. मग भांडी. मी आणि अजून दोघी अकराला पिस्टवर, तीनला खाली, कारण चारला मुलं भुकेली येणार आणि पाचला "चहा टाकतेस का". सहा दिवसांच्या पासचे पैसे मी पूर्ण भरले आणि स्की केलं मोजून तीन तास रोज. पुरुष मंडळी साडेआठला पहिल्या लिफ्टला उभी. संध्याकाळी सगळ्यांनी जेवणाचं कौतुक केलं, फोटो काढले. त्या फोटोंत मी नाही, मी गॅसपाशी आहे. मिक्स ग्रुप म्हणताना तुम्ही कच्चे-पक्के मोजता. तिथे पक्क्या बायका कच्च्या राहतात त्या यामुळे!

बर्फातला_बारामतीकर:
तुमच्या ग्रुपमधली माणसं तशी असतील, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे कुणी जबरदस्ती करत नाही. माझ्या बायकोला स्वयंपाकाची आवड आहे.

इझारकाठची:
दादा, तिला विचारलंत का कधी? खरंच विचारतेय. मलाही स्वयंपाक आवडतो, म्हणून मला तो सुट्टीत सतरा जणांसाठी आवडतो असं नाही होत.

दोन_काठ्या:
विषय रिसॉर्टचा होता. इथे कुकर कुठून आला?

स्टुटगार्टवाली:
तुम्ही साडेआठच्या लिफ्टला उभे असता म्हणून तुम्हाला कुकर दिसत नाही. हाच विषय आहे.

दोन_काठ्या:
मला ओळखत नसताना असं बोलायचा तुम्हाला काही अधिकार नाही. मी एकटा बाप आहे, माझ्या मुलाचा डबा मीच भरतो, रोज, घरी पण आणि डोंगरावर पण.

स्टुटगार्टवाली:
हे मला माहीत नव्हतं. ते वाक्य मागे घेते. बाकी एक अक्षर घेत नाही.

सातारकर_लिंझ:
मी इथे चौदा वर्षं राहतोय, थोडं कामाचं सांगतो. शाकाहारासाठी हॉटेलला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायचं, मांस नाही, मासे नाही, आणि "रिंडसुपे पण नाही" (बीफचं सूप) हे वेगळं लिहायचं, कारण इथे सूपचं पाणी मांसाचं असलं तरी वर तरंगणारं पीठाचं असेल तर लोकांना ते मांस वाटतच नाही. कासप्रेसक्नॉडलचं पण तेच, चीजचा गोळा शाकाहारी, पाणी नाही. वर डोंगरावरच्या झोपडी-हॉटेलात केझेश्पेत्सले (चीज घातलेल्या पिठाच्या जाड शेवया) चालतं पण बेकन नको म्हणून सांगा. कैझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) आणि गेर्मक्नॉडल (पिठाचा वाफवलेला गोळा), दोन्हीला आजी-आजोबा खूश होतात, दुसऱ्यात आत प्लमचा मुरंबा आणि वर खसखस, आपल्याला ओळखीची चव वाटते. अंडं चालत नसेल तर मात्र यातलं प्रत्येक विचारून घ्या.

अपार्टमेंटच घ्यायचं तर आधी कागदावर पाळ्या लिहा. आमच्याकडे रोज एक कुटुंब सुट्टीवर नाही असं धरतो, त्या दिवशी त्यातले नवरा-बायको दोघं खाली राहतात, स्वयंपाक-भांडी-मुलं त्यांची. चार कुटुंबं म्हणजे चार दिवस, उरलेल्या रात्री पिझ्झा. पहिल्या वर्षी पुरुषांनी केलेल्या आमटीला चव नव्हती, पण कुणी मेलं नाही.

जागेचं म्हणाल तर नव्यांना ३०० किलोमीटर लागत नाहीत, त्यांना दोनशे मीटर चांगले लागतात. पण दोन_काठ्यांची उंचीची काळजी पण खरी आहे, मार्चमध्ये खालच्या गावात दुपारनंतर भिजलेल्या साखरेसारखा बर्फ होतो आणि त्यात नवा माणूसच आधी पडतो. मुलं लहान असतील तर झेरफाउस पण यादीत घ्या, गाव १४०० मीटरच्या वर, गावाखालून फुकटची यु-बान (भुयारी गाडी) १९८५ पासून चालते, स्की खांद्यावर घेऊन पाच वर्षांच्या पोराला ओढत न्यावं लागत नाही. लहान मुलं असलेल्यांना ते केवढं मोठं आहे ते त्यांनाच कळेल.

बर्फातला_बारामतीकर:
पाळ्यांचं पटलं. काल रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आवडतं, पण मला एकदा पहिल्या लिफ्टला जायचंय." बारा वर्षांत मला हे माहीत नव्हतं. एवढंच लिहितो. अपार्टमेंट मात्र मी सोडणार नाही, आईच्या सूपनंतर नाही.

दोन_काठ्या:
"दोन दिवसांत शिकतात" हे मी मागे घेतो. माझ्या मुलाला पाच दिवस लागले आणि तो तर सात वर्षांचा होता, त्याला पडायची भीती नव्हती. पण सेंट अँटन ही वाईट जागा आहे हे मी मान्य करणार नाही. पक्क्यांचा ग्रुप असेल तर अजूनही डोळे मिटून तेच सांगेन.

इझारकाठची:
पक्क्यांचा ग्रुप असेल तर मीही तेच सांगेन. भांडण तिथे नव्हतंच.

मूळ_प्रश्नवाला:
मी विचारलं आणि दोन दिवस गायब होतो, माफ करा. सगळं वाचलं, बायकोने पण वाचलं, तिने स्टुटगार्टवाली यांचा मजकूर ग्रुपवर टाकला आणि तिथे वेगळीच चर्चा सुरू झालीय. आमच्यातले दोघे पक्के अजून आर्लबर्गवर, म्हणजे सेंट अँटनच्या भागावर, अडून आहेत. पण एल्माऊ आणि झेल, दोन्हीकडे हॉटेलांना मेल टाकलीत, रिंडसुपेसकट. म्युनिकहून कुफस्टाइन-झूडपर्यंत विन्येट (महामार्गाच्या टोलचं स्टिकर) लागत नाही हे कळल्यावर बाबा एल्माऊच्या बाजूने झालेत. एक प्रश्न राहिला, आई ६८ वर्षांची आहे, गुडघा दुखतो, तिला बर्फात चालायला बूट कुठले घ्यायचे?

स्टुटगार्टवाली:
घोट्याच्या वर येणारे, आतून लोकरीचे, आणि वर चढवायच्या रबरी साखळ्या घ्या, खालून छोटे खिळे असतात. स्पोर्टच्या दुकानात वीस-तीस युरोत मिळतात. सकाळी फुटपाथवर रात्रीचं पाणी गोठलेलं असतं तेव्हा त्याच उपयोगी. दुकानात आत गेल्यावर काढायला सांगा, फरशीवर त्याच घसरतात. आणि एक काठी द्या, दोन नको, दुसरा हात कुणाच्या तरी हातात असू दे.