रजिस्ट्री कशाला? मिनिक्यूबच्या आतच बिल्ड करा

मिनिक्यूब म्हणजे लॅपटॉपवर चालणारा छोटा कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी यंत्रणा). लॅपटॉपवर डॉकरने बनवलेली इमेज (अ‍ॅपचं चालवायला तयार पॅकेज) दिसते, पण पॉड (ती इमेज चालवणारं कुबरनेटीसचं एकक) मात्र 'इमेजपुलबॅकऑफ', म्हणजे इमेज आणता येत नाही, म्हणत बसतो, हा मूळ प्रश्न. त्यावर या चर्चेत स्थानिक रजिस्ट्री (इमेज साठवून पुरवणारा सर्व्हर) उभारण्याचा सल्ला आलाय. चालेल, पण एकट्याच्या कामाला म्हणजे चहासाठी म्हैस विकत घेण्यासारखं आहे.

मिनिक्यूबच्या आत वेगळा डॉकर डीमन (इमेज बनवणारी, पार्श्वभूमीत चालणारी सेवा) असतो. तुमची इमेज बाहेरच्या डीमनकडे, पॉड शोधतो आतल्याकडे. 'मिनिक्यूब डॉकर-एन्व्ह'चं आउटपुट टर्मिनलमध्ये इव्हॅल केलं (कमांड म्हणून चालवलं) की डॉकर होस्ट वगैरे व्हेरिएबल्स बदलतात आणि तुमचा डॉकर बिल्ड थेट आत होतो. हे फक्त त्या टर्मिनलपुरतं, बरं का. मी एकदा दुसऱ्या टॅबमध्ये बिल्ड करत राहिलो आणि पॉडमध्ये जुनाच कोड का चालतोय म्हणून अर्धी दुपार घालवली.

एवढं करूनही अडलं, तर टॅग (इमेजच्या नावापुढचं आवृत्तीचं लेबल) बघा. टॅग दिलाच नाही किंवा 'लेटेस्ट' दिला, तर कुबरनेटीस पुल पॉलिसी (इमेज कधी आणायची याचा नियम) 'ऑलवेज' धरतो आणि इमेज समोर असूनही रजिस्ट्रीकडे धावतो. 'व्ही१' असा टॅग द्या किंवा पॉलिसी 'नेव्हर' करा. मी 'नेव्हर'च ठेवतो, चूक लगेच कळते.

मिनिक्यूबचा रनटाइम (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) डॉकरऐवजी कंटेनरडी असेल तर 'मिनिक्यूब इमेज बिल्ड' वापरा. आणि डॉकरइग्नोरमध्ये (बिल्डमधून वगळायच्या फायलींची यादी) नोड मॉड्यूल्स (नोड प्रकल्पाच्या लायब्ररींचा फोल्डर) टाकायला विसरू नका, नाहीतर ते सगळं ओझं बिल्डसोबत आत जातं. 'मिनिक्यूब डिलीट' केलंत की या इमेजेसही गेल्या, परत बिल्ड करा.